बुवापाड्याचा शांत नागरिक

१ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, दंडावरचा पट्टा काढला आणि विचारलं, "भोपी, घरात बोलता का काही?"

मी म्हटलं, "लागेल तेवढं."

बायको शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "डॉक्टर, यांना काय लागतच नाय."

डॉक्टर म्हणाले, मनात साठवून ठेवू नका, बोलवत नसेल तर रोज थोडं लिहीत जा. म्हणून लिहायला बसलो. बोललं की समोरून उत्तर येतं, मग त्या उत्तराला उत्तर द्यावं लागतं. लिहिण्यात ती भानगड नाही.

मी चंदर भोपी, राहणार बुवापाडा, अंबरनाथ. सगळी नोकरी एका कारखान्यात प्रेस मशीनवर झाली. मशीनच्या आवाजात कुणी कुणाशी बोलू शकत नसे, मला ते काम फार मानवलं. गेल्या वर्षी रिटायर झालो. घरात मी आणि बायको बनूबाई. एकच मुलगी, जिज्ञासा. ती बदलापुरात दिलीय. तिला सहावा संपत आलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून महिनाअखेरीला तिला आणायची आहे.

मनात आणखी काय साठलंय ते शोधलं. काही सापडलं नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

युद्ध जाहीर झालं.

धर्मराजशेठ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. यंदा निवडणुकीला उभे राहणार आहेत. संध्याकाळी चौकात टेम्पोवर चढून त्यांनी सांगितलं, की बारवी धरणाचं पाणी आपल्याला एक दिवसाआड येतं आणि बदलापूरवाले त्याच पाण्याने गाड्या धुतात. हे आता चालणार नाही. आजपासून पाणीयुद्ध! अंबरनाथ-बदलापूर रस्त्यावर हद्दीपाशी दोरी बांधलीय. इथून टँकर तिकडे जाणार नाहीत, रिक्षा जाणार नाहीत, बदलापूरच्या दुकानातून कुणी काही आणायचं नाही.

धरण बदलापूरच्या पलीकडे आहे. म्हणजे पाणी आधी त्यांच्याकडे आणि मग आपल्याकडे येतं. युद्धाच्या दृष्टीने ही गोष्ट मला जरा अडचणीची वाटली, पण शेठनी विचार केलाच असेल.

घरी आल्यावर बनूने विचारलं, "आता पोरीचं काय? तुमचं काय मत?"

मी म्हटलं, "चहा मस्त झालाय."

७ एप्रिल, सोमवार

पूर्वी पाणी एक दिवसाआड यायचं. युद्ध सुरू झाल्यापासून आलंच नाही. कुणी म्हणतं बदलापूरवाल्यांनी पाइपावर बसून घेतलंय, कुणी म्हणतं पंप बिघडलाय. गल्लीत बायका शेठच्या नावाने बोटं मोडतायत. ज्याची मुलगी तिकडे नाही त्याची सून तिकडची आहे. आमच्या मागच्या घरातला अल्पेश कामाला बदलापुरात जातो. दोरीपर्यंत एक रिक्षा, मग दोरीखालून वाकून दुसरी रिक्षा. तिसऱ्या दिवशी त्याची कंबर धरली.

मी या सगळ्यात पडलो नाही.

८ एप्रिल, मंगळवार

आजचा दिवस आयुष्यात विसरणार नाही.

दुपारी शेठ गल्लीत आले, मागे चार कार्यकर्ते. बायकांनी दारादारातून ताटं वाजवायला सुरुवात केली. आमच्या शेजारच्या जिजीने तर रिकामी कळशी त्यांच्या पायाशी आपटली. मी ओट्यावर वाटाणे सोलत होतो. घरी आलेला माणूस उभा कसा ठेवायचा, म्हणून खुर्ची दिली. हंड्याच्या तळाला अर्धा पेला पाणी होतं, तेही दिलं.

शेठ पाणी प्यायले आणि माझ्याकडे बघतच राहिले. "तुम्ही काही बोलत नाही?"

मी मान हलवली.

"तुमची तक्रार नाही?"

मी पुन्हा हलवली. तशी शेठनी माझा हात धरून वर केला आणि सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलं, "हा बघा! हा खरा नागरिक! ओरडणारे मूठभर असतात. पण जो घरात शांत बसतो, जेवतो, झोपतो, कुणाच्या अध्यातमध्यात नसतो, असा लाखोंतला प्रत्येक माणूस माझ्या पाठीशी आहे. याचं गप्प बसणं हीच माझी ताकद!"

खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. इतकी वर्षं कारखान्यात युनियनच्या मीटिंगला मागच्या बाकावर बसलो, लग्नाकार्यात मागच्या पंगतीला जेवलो. मी गप्प आहे हे आजवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

बनू संध्याकाळी नीट बोलली नाही. पेलाभर पाणी गेलं म्हणून असेल.

१० एप्रिल, गुरुवार

उल्हासनगरहून मुकेश म्हणून बॅनरवाला आला होता. सिंधी मुलगा आहे, बोलायला गोड. माझा फोटो काढला. मी हसलो तर म्हणाला, "अंकल, दात मत दिखाओ. बोलायचं नाय असा चेहरा पाहिजे. हां, बस, परफेक्ट! आप तो नॅचरल हो."

मी विचारलं, "धंदा कसा आहे?"

तो म्हणाला, "युद्ध में क्या, साईं, दोनों तरफ का माल आपल्याकडेच छापतो. बदलापूरवाल्यांना लाल दिया, तुम्हाला भगवा. कपडा एकच."

१२ एप्रिल, शनिवार

शिवमंदिराकडे वळणाऱ्या रस्त्यावर माझा बॅनर लागला. एवढा मोठा, की नाकावरचा मस सुपारीएवढा दिसतो. वर लिहिलंय, "मी गप्प आहे, कारण मी पाठीशी आहे!" आणि खाली, "एक शांत नागरिक, बुवापाडा."

देवाला आलेली माणसं आधी मला बघतात, मग देवाला.

संध्याकाळी बनूला घेऊन गेलो दाखवायला. तोवर खाली कुणीतरी खडूने लिहून ठेवलं होतं, "बायको बोलू देत नाही." बनू इतकी हसली की तिला ठसका लागला. मग अचानक थांबली आणि म्हणाली, "हे कारन त्यांनी तुम्हाला विचारून लिवलं का?"

मी म्हटलं, "कशाचं कारण?"

"तुमच्या गप्प बसन्याचं."

मी म्हटलं, "उशीर झालाय, चल."

१३ एप्रिल, रविवार

बदलापूरहून विहीणबाईंचा फोन. गोदूबाई म्हणजे जिज्ञासाच्या सासूबाई. बाई कडक, पण मनाने चांगल्या.

"व्याही, फोटू बगला तुमचा! आमच्या पोरांनी मोबाईलवर दाखवला. काय रुबाब हाय! आमच्या आलीत टँकर आला नाय तवापासून सगली लोकं तुमचंच नाव घेतान."

इतक्या लांब, तेही शत्रूच्या मुलखात आपलं नाव निघतं हे ऐकून बरं वाटलं. मी म्हटलं, "तुमची कृपा."

 त्यांनी लगेच फोन ठेवला. लाइन गेली असणार.

१५ एप्रिल, मंगळवार

बनूने भजनी मंडळ धरलंय. दुपारी जाते ती दिवेलागणीला येते. जाताना रिकामा हंडा नेते. विचारलं तर म्हणाली, "तबलजी नाय मिलाला, हंड्यावर ठेका धरतो." कल्पक बाई आहे.

मोबाईलवर शिवमंदिराजवळच्या मोर्च्याचा व्हिडिओ आला. शंभरेक बायका असतील, तोंडाला पदर बांधलेले. एक जाडजूड बाई पुढे राहून घोषणा देत होती आणि बाकीच्या हंडे बडवत होत्या. मोर्च्यापुढे चादरीचा फलक होता, त्यावर निळी गुलाबं. आमच्या पाहुण्यांच्या चादरीवर अगदी तशीच आहेत. उल्हासनगरच्या मार्केटातून एका छापाच्या हजारो निघतात, त्याला काय करणार.

आमची चादर मात्र कपाटात दिसली नाही. धोब्याकडे असेल.

१७ एप्रिल, गुरुवार

बनूचा घसा पार बसलाय. इतकं भजन बरं नाही असं मनात आलं, पण देवाचं काम, कशाला बोला. आलं-लिंबाचा काढा करून दिला. ती पेला हातात घेऊन माझ्याकडे बघत बसली.

स्वयंपाक करताना नवीन भजन घोळवत होती:

"लेक तिकडं, सून इकडं,
शेठ, तुझं डोकं कुणीकडं?"

देवाला शेठ म्हणण्याची चाल मला नवीन आहे. पण अर्थ खोल वाटला. संसारात माणसाची अशीच ओढाताण होते.

१९ एप्रिल, शनिवार

मन ठिकाणावर नाही.

जिज्ञासाचा फोन होता. तिला आणायला येत्या शनिवारी येतो म्हटलं. ती म्हणाली, "बाबा, मी येणार नाही."

"तब्येत बरी नाही?"

"तब्येत बरी आहे. माझ्या सासूबाई रोज डोक्यावरून पाणी आणतात, मला उचलू देत नाहीत. त्यांचं पाणी अडवणाऱ्याच्या बॅनरवर तुम्ही आहात. मी कुठल्या तोंडाने त्यांना सोडून तिथे येऊ?"

मी म्हटलं, "अगं, मी कुठे काय बोललो?"

ती म्हणाली, "तेच ना बाबा," आणि रडायला लागली.

फोन हातातच राहिला. बनू बाजूला उभी होती. मला वाटलं आता ती बोलेल. पण तीही काही बोलली नाही. ती गप्प बसली की घर किती मोठं वाटतं हे आज कळलं.

२० एप्रिल, रविवार

शेठकडे गेलो. म्हटलं, पोरीला दोरीतून आणायची परवानगी द्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे काही मागितलं. चार वेळा घसा खाकरावा लागला.

शेठ एकदम खूश. "चंदरशेठ, तुमची पोर ती माझी पोर! तुम्ही आणाच. मी स्वतः दोरी उचलतो. बँड लावतो. बॅनर करतो, 'तहानलेल्या बदलापूरची लेक अंबरनाथच्या आसऱ्याला!' शनिवारीच आपला शांत नागरिक मेळावा आहे. पोरीला स्टेजवर घेऊ, ओटी भरू."

पोटुशी पोर, बँडपुढून? मी नको म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी त्यात पेढा घातला.

२१ एप्रिल, सोमवार

बनूला सांगितलं. ती फक्त म्हणाली, "तुमच्या तोंडात पेढा होता. आता नाय ना?"

रात्रभर डोळा लागला नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

मुकेश बॅनर घेऊन आला. गाडीतून चुकून दुसरंच भेंडोळं निघालं. त्यावर लाल अक्षरांत, "शनिवारी चला मेळाव्याला! शांत बसू, पण मोजून घ्या!" मुकेशने घाईने ते गुंडाळलं. "ये दुसऱ्या पार्टीची ऑर्डर आहे, अंकल. भाभीजी को बोलना, रेडी है."

मी विचारलं, "कुठली भाभीजी?"

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "अंकल, आप सचमुच नॅचरल हो."

दोन्ही पक्षांचे लोक शांत बसायला तयार झाले, हे ऐकून बरं वाटलं. शेठना फोन करून म्हटलं, पोरीला स्टेजवर नको. एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला.  ते उलट फोन करतील म्हणून मोबाईल तांदळाच्या डब्यात ठेवला.

२६ एप्रिल, शनिवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर गोंधळ होईल.

मैदानात मंडप होता, पाचशे खुर्च्या. मला स्टेजवर शेठच्या उजव्या हाताला बसवलं. पाच वाजले तरी पुढे फक्त कार्यकर्ते आणि दोन कुत्री. शेठ घाम पुसत होते. तेवढ्यात फाटकातून बायका यायला लागल्या, मागून पुरुषही. सगळ्यांच्या हातात रिकामे हंडे. कुणी चकार शब्द काढत नव्हतं. येत होते आणि बसत होते. खुर्च्या भरल्या, मग सतरंज्या भरल्या, मग भिंतीवर माणसं चढली.

शेठ माझ्या कानात म्हणाले, "बघितलंत? ही माझी शांत जनता!"

दोरीवरचा एक कार्यकर्ता धावत आला. "शेठ, बदलापूरकडनं पन लय आलेत."

"मग अडवलं का नाही?"

"तुम्हीच बोललात ना, जो काय न बोलता येईल त्याला सोडा."

शेठनी भाषण सुरू केलं. बदलापूरवर तुटून पडले. कुणी हूं केलं नाही. एक विनोद केला. कुणी हसलं नाही. मग म्हणाले, "जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!" कार्यकर्त्यांनी दोन-चार वाजवल्या आणि इकडेतिकडे बघून थांबवल्या. मला आधी वाटलं, काय शिस्त आहे! पण मग त्या गप्पपणाचं मला भय वाटायला लागलं. मी जन्मभर गप्प बसलोय. गप्प बसण्यातले प्रकार मला कळतात. हे पाठीशी असलेल्या माणसांचं गप्प बसणं नव्हतं.

शेठचा आवाज चढत चालला. "बोला! तुम्ही माझ्याबरोबर आहात की नाही?"

कुठेतरी तान्हं बाळ चोखत होतं, तेवढा आवाज.

"बघा," शेठ माईकमधून म्हणाले, "नाही म्हणालं का कुणी? नाही ना? चंदरशेठ, उठा. तुम्ही या सगळ्यांच्या वतीने दोन शब्द बोला. सांगा, आपण गप्प का आहोत."

माईक माझ्या हातात आला.  पहिल्या ओळीत बनू बसली होती, तोंडावरचा पदर काढून. पुढे मांडलेल्या फलकावर निळी गुलाबं होती आणि मधोमध आमटीचा तोच डाग, जो गेल्या दिवाळीत माझ्याच हातून पडला होता. भजनी मंडळातल्या सगळ्या तिच्या आजूबाजूला होत्या. मी किती बैल माणूस आहे ते मला तिथे पाचशे लोकांसमोर कळलं.

बनूच्या शेजारी गोदूबाई होत्या. आणि त्यांच्या शेजारी, हंडा मांडीवर नाही म्हणून पोटावर हात ठेवून, जिज्ञासा. दोरी ओलांडून चालत आलेली.

मी म्हटलं, "मी चंदर भोपी. मी गप्प आहे, हे खरं आहे. पण त्याचं कारण बॅनरवर लिहिलंय ते नाही. ते मला न विचारता लिहिलं."

एवढं झालं आणि माईक बंद पडला. कुणीतरी वायर ओढली असावी. एरवी मी आनंदाने खाली बसलो असतो. पण मैदान इतकं शांत होतं, की माझा साधा आवाज पार भिंतीवर बसलेल्या माणसांपर्यंत जात होता. मशीनपाशी कधी कुणाला ऐकू गेला नव्हता असा माझा आवाज. मला तो स्वतःलाच नवीन होता.

"मला भांडण जमत नाही," मी म्हटलं. "म्हणून मी आजवर कशालाच नाही म्हणालो नाही. ते माझं चुकलं असेल. पण नाही म्हणालो नाही म्हणजे हो म्हणालो असं नाही. माझी पोर बदलापूरची आहे. तिची सासू तिच्यासाठी डोक्यावरून पाणी वाहते. मी यांच्या पाठीशी नाही. ती दोरी काढा."

 मग गोदूबाईंनी हंडा उचलला आणि जमिनीवर असा आपटला, की स्टेजवरच्या बाटल्या हलल्या. मागून पाचशे हंडे वाजले. बनू उभी राहून ओरडत होती. तिचा घसा इतका बसला होता की फक्त तोंड हलताना दिसत होतं.

धर्मराजशेठ पुढारी माणूस. त्यांनी चालू असलेला दुसरा माईक शोधला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि गर्जले, "हाच तो जनतेचा आवाज! मी ऐकला! युद्ध संपलं! आपण जिंकलो!"

दोरी रात्री आठला निघाली. बँडवाल्यांना बोलावलंच होतं, त्यांनी ती काढताना वाजवलं.

२७ एप्रिल, रविवार

जिज्ञासा घरी आहे. पलंगावर पाय लांब करून बसलीय. गोदूबाई सकाळी परत गेल्या. त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो तेव्हा म्हटलं, "विहीणबाई, त्या दिवशी फोनवर मला वाटलं, तुम्ही कौतुक करताय."

"मना कलला तेच," त्या म्हणाल्या. "म्हनून तर फोन ठेवला. शिव्या देयाला व्याही थोरा शाना लागतो."

बनूला विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

घशामुळे ती कुजबुजूनच बोलली. "पहिल्या दिवशी विचारलेला. तुम्ही चहाला मस्त बोललात."

पाणी मात्र आजही आलं नाही. पंपच बिघडला होता म्हणे.

२९ एप्रिल, मंगळवार

पंप दुरुस्त झाला. पाणी पूर्वीसारखं एक दिवसाआड. शेठनी चौकात फलक लावलाय, "शब्द दिला, पाणी आणलं!" माझा बॅनर रातोरात काढला. जिजी म्हणते तो तिने मागून घेतला, पावसाळ्यात कौलांवर घालायला. म्हणजे चार महिने मी तिच्या छपरावर पालथा पडून राहणार.

१ मे, गुरुवार

डॉक्टरांकडे गेलो होतो. रक्तदाब उतरलाय. म्हणाले, "लिहिण्याचा उपयोग झाला." मी म्हटलं, "नाही, बोलण्याचा झाला." तर ते चष्मा काढून बघायला लागले.

घरी आलो. गुरुवार म्हणजे आमच्याकडे मासळी नाही, पडवळाची भाजी. लग्न झाल्यापासून दर गुरुवारी. बनूने ताट वाढलं. मी घास हातात घेतला, परत ठेवला आणि म्हटलं, "बनू, मला पडवळ आवडत नाही."

जिज्ञासाने खाणं थांबवलं. बनूने पळी खाली ठेवली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

 ती डोक्याला हात लावून मटकन पाटावर बसली.

"अरे देवा," ती म्हणाली, "मना पन नाय आवडत. तुम्ही पहिल्या गुरुवारी गप्प बसून सगला खाल्लात. मना वाटला, यांना लय आवडतो."

पातेलं जिज्ञासाने आपल्याकडे ओढलं. म्हणाली तिला भूक लागलीय. आम्ही दोघांनी लोणचं आणि भात खाल्ला.